ओस पडलेले मॉल आणि पुराचे पाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील मेरिडन या शहराने आपला बंद पडलेला मॉल पाडून त्या जागी पुराचे पाणी सामावून घेणारे सार्वजनिक उद्यान उभारले, याविषयीचे टिपण मागील अंकात प्रसिद्ध झाले होते. त्यावर देशातून आणि परदेशांतूनही पत्रे आली. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मॉलच्या खालून ओढा वाहत होता, असा टिपणात उल्लेख आहे. वाहत्या ओढ्यावर एवढी मोठी इमारत बांधू कशी दिली गेली? आणि ती पाडल्यानंतर तेथे नेमके काय केले, हे सविस्तर कळू शकेल का?
(एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मॉलच्या पुष्कळ आधीच्या काळात सापडते. मेरिडन हे एकोणिसाव्या शतकापासून चांदीच्या आणि चांदीचा मुलामा दिलेल्या भांड्यांसाठी नावाजलेले कारखान्यांचे शहर असून ‘रुपेरी शहर’ हे त्याचे बिरुद आजही प्रचारात आहे. शहराच्या मध्यातून हार्बर ब्रुक नावाचा ओढा वाहतो आणि पुढे क्विनिपियाक नदीला मिळतो. कारखान्यांना पाणी लागत होते, सांडपाणी सोडण्याची सोयही हवी होती, म्हणून ते ओढ्याच्या काठाने वसले. जागेची चणचण भासू लागली तसतसा ओढा तुकड्यातुकड्याने बंदिस्त नळांत घातला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली जुन्या बाजारपेठा पाडण्याची लाट अमेरिकेत आली असताना, त्याच जागेवर मॉल आणि त्याचे वाहनतळ उभे राहिले. तोवर ओढा डोळ्यांआड होऊन बराच काळ लोटला होता, त्यामुळे परवानगी देणाऱ्यांना ती केवळ एक सपाट, मोक्याची जागा वाटली असल्यास नवल नाही.

नळात घातलेल्या ओढ्याची अडचण अशी की, नळाचा व्यास वाढत नाही. उघडा ओढा पाणी वाढले की काठ सोडून आजूबाजूच्या सखल जमिनीवर पसरतो आणि ओसरला की परत पात्रात येतो. बंदिस्त ओढ्याला ही मुभा नसते. त्याच्या तोंडाशी पाणी चढू लागते आणि मग ते रस्त्यांची वाट धरते. १९९२ आणि १९९६ या दोन वर्षी मेरिडनमध्ये तसेच घडले. शहराचा मध्यभाग पाण्याखाली गेला आणि दोन्ही पुरांत मिळून कोट्यवधी डॉलरचे नुकसान झाले. मॉलचा धंदा तर त्याआधीच बसला होता, कारण शहराबाहेर महामार्गालगत दुसरा मोठा मॉल झाल्यावर गिऱ्हाईक तिकडे वळले होते. ज्या जागेतून उत्पन्न येत नाही आणि जिच्यामुळे शहर बुडते, अशी ती जागा नगर प्रशासनाने अखेर स्वतःकडे घेतली.

इमारत २००७ मध्ये पाडली गेली आणि ‘मेरिडन ग्रीन’ हे उद्यान सप्टेंबर २०१६ मध्ये खुले झाले. मधल्या नऊ वर्षांकडे दुर्लक्ष करू नये, असे आम्हाला वाटते. निधी जमवणे, परवानग्या मिळवणे आणि कारखान्यांच्या काळापासून दूषित झालेल्या जमिनीची विल्हेवाट लावणे यांत ती गेली. मग ओढ्यावरचे आच्छादन काढून त्याला उघडे, वळणदार पात्र दिले. सुमारे १४ एकरांच्या जागेचा मोठा भाग खोदून पसरट परातीसारखा केला, त्यावर हिरवळ लावली, पायी जाणाऱ्यांसाठी ओढ्यावरून पूल टाकला आणि खुल्या रंगमंचाचीही सोय केली. एरवी लोक या हिरवळीवर फिरतात, बसतात. मोठा पाऊस झाला की ओढा काठ सोडतो आणि हीच हिरवळ पाण्याखाली जाते. तेथे सुमारे ५३ एकर-फूट, म्हणजे जवळपास साडेसहा कोटी लिटर पाणी मावते आणि ते खालच्या बाजूला सावकाश सोडले जाते. खर्च सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर आला, आणि त्यात राज्याच्या व केंद्राच्या निधीचा मोठा वाटा होता.

एक गोष्ट मात्र छायाचित्रांत दिसत नाही. हे उद्यान म्हणजे संपूर्ण पूरनियंत्रण योजना नव्हे. ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेले अरुंद पूल आणि मोऱ्या रुंद करणे हा त्याच योजनेचा दुसरा भाग होता. तो वगळून नुसते उद्यान केले असते, तर तुंबण्याची जागा तेवढी बदलली असती.

प्रश्न : आमच्या भागात बंद पडलेले किंवा पडण्याच्या बेतात असलेले मॉल गाडीने पाऊण तासाच्या अंतरात तीन-चार तरी आहेत. मेरिडनचा प्रयोग इतका चांगला असेल, तर तो सर्वत्र का होत नाही?
(एक संगणक अभियंता, न्यू जर्सी)

उत्तर : याची दोन कारणे आहेत आणि दुसरे अधिक वजनदार आहे.

पहिले कारण जागेचे. अमेरिकेतील उपनगरी मॉल महामार्गांच्या फाट्यांवर बांधले गेले. त्यांतले कित्येक उंचवट्यावर आहेत. अशा जागी खड्डा खोदला, तर त्यात केवळ त्याच आवारातले पाणी येईल आणि खालच्या वस्तीचा पूर जवळपास तसाच राहील. मॉल रिकामा आहे एवढ्यावरून तो या कामाला योग्य ठरत नाही. पूर्वी त्या ठिकाणी पाणी थांबत होते का, हे पाहावे लागते. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील फेलन शॉपिंग सेंटर हे त्या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. ते मुळात पाणथळ जागेत भराव टाकून बांधलेले होते. १९९० च्या दशकात तेथील बांधकाम हटवून एम्स लेक हा जलाशय आणि भोवतीची पाणथळ भूमी पुन्हा निर्माण करण्यात आली.

दुसरे कारण पैशाचे. अमेरिकेत शाळा, रस्ते, अग्निशमन यांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. अर्धा रिकामा मॉलही थोडाफार कर देतच असतो. उद्यान काहीच देत नाही, उलट त्याच्या देखभालीचा खर्च कायमचा मागे लागतो. त्यामुळे जागा मोकळी झाली की तेथे घरे, गोदामे किंवा रुग्णालये आणण्याकडे नगर प्रशासनांचा कल असतो. मेरिडनलाही हे गणित चुकले नाही. तेथे कडेची थोडी जमीन बांधकामासाठी राखून ठेवली गेली आणि रेल्वे स्थानकाजवळ नवी घरे यावीत हा योजनेचा उघड हेतू होता. पूरप्रवण क्षेत्रात गहाण ठेवलेल्या घरांना तेथे पूरविमा सक्तीचा असतो. पूररेषा मागे सरली की ते ओझे हलके होते आणि आसपासच्या मिळकतींचे मोल वाढते. उद्यानाची ‘कमाई’ शोधायची असेल तर ती अशा ठिकाणी शोधावी लागेल.

आपल्या भागासाठी मधला मार्ग बहुधा अधिक उपयोगाचा आहे. अमेरिकी मॉलच्या आवारात इमारतीपेक्षा वाहनतळ कितीतरी मोठा असतो आणि नाताळातले काही दिवस सोडले तर तो भरत नाही. सिएटलमधील नॉर्थगेट मॉलच्या दक्षिणेला असाच एक जादा वाहनतळ होता. त्यातील २.७ एकर जागेत २००९ मध्ये थॉर्नटन क्रीकसाठी पायऱ्यापायऱ्यांची, वनस्पतींनी भरलेली उघडी वाहिनी करण्यात आली. सुमारे ६८० एकर परिसरातून वाहून येणारे पावसाचे पाणी तिच्यातून संथ होऊन आणि गाळ मागे ठेवून पुढे जाते. मॉल त्या वेळी चालू होता. दुकाने बंद पडण्याची वाट पाहावी लागली नाही.

प्रश्न : अशा उद्यानात खरोखर किती पाणी मावते? आपल्याकडे तीन-चार तासांत दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस होतो. त्यापुढे हे सगळे दिखाऊ ठरणार नाही का?
(एक वाचिका, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपला संशय रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबानेच द्यायला हवे. एक एकर डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेवर एक इंच पाऊस पडला की सुमारे एक लाख लिटर पाणी तयार होते. आता पाच एकरांचे एक मॉल आवार घेऊ. कडांना उतार ठेवावा लागत असल्याने त्यातली सुमारे १५ हजार चौरस मीटर जागा सरासरी दोन मीटर खोल करता येईल, असे धरले तर ३ कोटी लिटर पाणी मावेल. त्या जागेकडे एक चौरस किलोमीटर वस्तीचे पाणी येत असेल, १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ८० टक्के वाहून आला, तर ८ कोटी लिटर पाणी येईल. म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे अधिक पाणी धरले जाईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत नोंदल्या गेलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाला हेच गणित लावले, तर अवघे चार टक्के.

परंतु एकूण पाण्याची अशी तुलना करून हा विषय निकालात काढता येत नाही, कारण गटारे एकूण पावसाला नव्हे, तासाच्या वेगाला हार खातात. मुंबईतील जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ‘ब्रिमस्टोवॅड’ योजनेत ती क्षमता ५० मिलिमीटरवर नेण्याचे ठरले. अशा वाहिन्यांवर एखाद्या तासात ७० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर वरच्या २० मिलिमीटरचे एका चौरस किलोमीटरमागे २ कोटी लिटर पाणी होते. आपला ३ कोटी लिटरचा खड्डा हे जादा पाणी दीड तास धरू शकतो. समुद्राला भरती असताना पाणी बाहेर काढता येत नाही, अशा शहरात हा दीड तास क्षुल्लक नाही. दादर-परळ भागातील हिंदमाता परिसरासाठी मुंबई महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर मैदान येथे ज्या भूमिगत टाक्या बांधल्या, त्यांच्यामागे हाच विचार आहे. मैदान वर, टाकी खाली आणि ओहोटी लागली की उपसा.

क्षेत्रफळापेक्षा खोलीला किती महत्त्व आहे, हेही पाहण्यासारखे आहे. बँकॉकमध्ये चुलालोंगकॉर्न विद्यापीठाच्या जमिनीवर २०१७ मध्ये झालेले ११ एकरांचे शताब्दी उद्यान जगभर वाखाणले गेले. त्याची सगळी भूमी एका बाजूला कललेली आहे आणि त्यात सुमारे १० लाख गॅलन, म्हणजे ३८ लाख लिटर पाणी साठते. मेरिडनची जागा त्याहून थोडीशीच मोठी असूनही तेथील साठा सतरापट आहे. कोणतेही उद्यान ‘पूर शोषून घेते’ असे वाचनात आले की किती घनमीटर आणि किती वेळात, हे दोन प्रश्न विचारावेत. पुण्यासारख्या काळ्या पाषाणावर वसलेल्या शहरात पाणी जमिनीत झटपट मुरेल ही आशा धरू नये. येथे खड्ड्याचे काम मुख्यतः पाणी अडवून धरण्याचे राहील. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आपल्या स्मरणात असेलच. तशा ओढ्याच्या वरच्या अंगाला पाण्याला पसरायला चार-सहा ठिकाणी जागा मिळाली, तर खाली येणारा लोंढा विभागला जातो. एकच मोठे उद्यान नदीकाठी करून तो परिणाम साधत नाही.

प्रश्न : मी वास्तुकलेचा विद्यार्थी आहे. इमारत संपूर्ण पाडण्याऐवजी तिचे तळघर तसेच ठेवून त्यातच पाणी साठवले, तर खर्च वाचणार नाही का? कोल्हापूरसारख्या शहरात असा प्रयोग करता येईल का?
(एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तैवानमधील ताइनान शहरात जवळपास असेच केले गेले आहे. तेथे जुन्या कालव्याच्या बंदराची जागा बुजवून १९८३ मध्ये ‘चायना टाउन’ नावाचा मॉल बांधला होता. तो ओस पडल्यावर एमव्हीआरडीव्ही या डच वास्तुरचना संस्थेच्या आराखड्यानुसार वरची इमारत पाडली आणि तळघरातील वाहनतळाचा खोलगट सार्वजनिक चौक केला. ‘ताइनान स्प्रिंग’ या नावाने तो २०२० मध्ये खुला झाला. मध्ये उथळ तळे, भोवती झाडी आणि जुन्या काँक्रीटच्या सांगाड्याचा एक भाग मुद्दाम उभा ठेवलेला. तळ्याची पातळी पावसाळ्यात वाढते आणि कोरड्या दिवसांत उतरते. मात्र त्याकडे पूरनियंत्रणाचा मोठा प्रकल्प म्हणून पाहणे बरोबर होणार नाही. उन्हाळ्यात गारवा आणि लोकांना एकत्र यायला जागा, हा त्याचा मुख्य लाभ आहे.

खर्च वाचण्याबाबत सावध असावे. पाडकामाचा राडारोडा कमी होतो, हे खरे. पण भूजल वर असलेल्या ठिकाणी रिकामे तळघर वर उचलले जाऊ पाहते. इमारत उभी असेपर्यंत तिचे वजन त्याला दाबून धरते. वरचे मजले काढले की पाण्याचा खालून येणारा दाब तळाच्या लादीला तडे पाडू शकतो. लादीला भोके ठेवून तो दाब मोकळा करावा लागतो किंवा ती खाली खडकाला जखडावी लागते. त्यातच गळणाऱ्या भिंती, गंजलेल्या सळया आणि साचलेला गाळ काढायला यंत्र आत नेण्यासाठी उतार नसणे, या गोष्टी आराखड्यावर दिसत नसल्या तरी पहिल्याच पावसाळ्यात समोर येतात. आपल्या प्रकल्पात तळघराचा छेद काढाल, तेव्हा त्यात गाळ काढणाऱ्या यंत्राचा मार्ग आधी दाखवा.

कोल्हापूरबद्दल स्पष्टच सांगायचे, तर २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेला आले तसे पूर या उपायाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तेथे पाणी दिवसेंदिवस चढलेले राहते, त्यामुळे कोणताही शहरी खड्डा पहिल्याच दिवशी भरून जाईल आणि नंतर निरुपयोगी ठरेल. शहरातल्या शहरात, तासा-दोन तासांच्या वळिवाने जे चौक तुंबतात, त्यांच्यासाठी मात्र याचा विचार अवश्य करता येईल.

प्रश्न : पाणी साठवायचे म्हणजे डास आलेच. डेंग्यूच्या दिवसांत असे उद्यान घराशेजारी कोणाला हवे असेल?
(एक गृहिणी, पनवेल)

उत्तर : डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून अशा खोलगट हिरवळीचा निचरा दोन-तीन दिवसांत पूर्ण व्हावा, असाच आराखडा करतात. मध्यभागी कायमचे तळे ठेवायचे असेल, तर पाणी हलते ठेवणे आणि गप्पी मासे सोडणे हे आपल्या आरोग्य विभागांना चांगले ठाऊक असलेले उपाय आहेत. बँकॉकच्या बांगलाम्फू भागातील न्यू वर्ल्ड या बंद मॉलचे छत गेल्यावर तळमजल्यावर पावसाचे पाणी साचले, डासांनी उच्छाद मांडला, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनीच त्यात मासे सोडले. ते इतके वाढले की सरकत्या जिन्यांखाली पोहणारे मासे पाहायला परदेशी पर्यटक येऊ लागले आणि अखेर २०१५ मध्ये प्रशासनाने ते मासे हलवले. डास खरे तर निगराणी नसलेल्या पाण्यात होतात, आणि बंद मॉलची तुंबलेली तळघरे आपल्याकडे आजही तशीच आहेत. आपल्या प्रश्नातली अधिक गंभीर बाब सांडपाण्याची आहे. आपले नाले बारमाही वाहतात ते पावसाच्या पाण्याने नव्हे. मैलापाणी स्वतंत्र वाहिनीत घेतल्याशिवाय नाला उघडून उद्यानात आणला, तर लोक तो स्वतःच बंदिस्त करण्याची मागणी करतील आणि त्यांची मागणी योग्यच असेल.

प्रश्न : आमच्या भागातील एक मॉल कित्येक वर्षे बंद आहे आणि समोरचा रस्ता दर पावसाळ्यात तुंबतो. महापालिकेला ती जागा अशा उद्यानासाठी घेता येईल का? नागरिकांनी सुरुवात कोठून करावी?
(एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे)

उत्तर : कायद्याने घेता येते, व्यवहारात अडचण बहुधा मालकीची येते. आपल्याकडील अनेक मॉल विकासकांनी गाळे पाडून सुट्या खरेदीदारांना विकले. कोणते दुकान कोठे असावे, भाडे किती घ्यावे, हे ठरवणारे कोणी एक न उरल्याने त्यांतले बरेच बंद पडले. आता मोबदल्याची बोलणी करायची, तर शेकडो गाळेधारक, कर्ज दिलेल्या बँका आणि न्यायालयीन दावे या सर्वांशी करावी लागतात. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेने २०२३ अखेर देशातील मोठ्या शहरांत ६४ ‘घोस्ट मॉल’ मोजले. चाळीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेल्या मॉलला ती संस्था हे नाव देते. त्यांतील किती जागा सखल भागात आहेत, हे कोणत्याही मालमत्ता अहवालात सापडणार नाही, आणि आपल्या दृष्टीने प्रश्न तोच आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली विकास आराखड्यात फेरबदल करून उद्यानाचे आरक्षण टाकता येते. मोबदला रोख द्यायचा, की हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआरच्या रूपाने, हा पुढचा प्रश्न. ठाण्या-मुंबईतील जमिनीचे भाव पाहता संपूर्ण जागा रोखीने घेणे कोणत्याही महापालिकेला पेलणारे नाही. त्यापेक्षा पुनर्विकासाची परवानगी देतानाच सर्वांत सखल भाग मोकळा ठेवून तेथे ठरावीक घनमीटर पाणी धरण्याची अट घालणे आम्हाला अधिक व्यवहार्य वाटते. बंद मॉलचा मालक किंवा बँक कधी ना कधी पुनर्विकासाची परवानगी मागायला येतेच. नागरिकांची हरकत त्या वेळी तयार हवी.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. आपल्या प्रभागाचा जुना नगर भूमापन नकाशा आणि मंजूर विकास आराखडा शेजारी ठेवून मॉलच्या जागेवरून किंवा लगत एखादा नाला, ओढा अथवा तळे दाखवले आहे का, ते पाहावे. जवळून नदी जात असेल, तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, कोठून जाते ते तपासावे. त्या भागातील पर्जन्यवाहिन्यांचा नकाशा आणि त्यांची क्षमता महापालिकेकडून माहिती अधिकारात मागता येते. रस्ता तुंबतो त्या दिवशी किती वाजता, किती उंचीपर्यंत पाणी होते आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, याची नोंद संस्थेच्या रखवालदाराकडूनही ठेवून घेता येईल. मॉलची जागा रस्त्यापेक्षा उंच असल्याचे त्यातून निघाले, तर उद्यानाची मागणी सोडून मोरी रुंद करण्याची मागणी करावी. ती लवकर मान्य होण्याचा संभवही अधिक आहे.